डबा कशाचा घ्यायचा ते नंतर. आधी तो बाहेर कसा काढणार ते ठरवा

प्रश्न कराडच्या एका तरुणाचा आहे. घरामागं गॅसची भट्टी आहे, २५ टनी प्रेस आहे. बेअरिंगचे छर्रे आणि १०८४ या कार्बनवाल्या पोलादाची पावडर लोखंडी डब्यात बंद करून, तापवून, दाबून पात्यासाठी नक्षीच्या पोलादाचा पट्टा काढायचा प्रयत्न त्यानं तीनदा केला आणि तिन्ही वेळा माल भंगारात गेला. पहिला डबा काळ्या चौकोनी पाइपचा, ४ मिमी जाडीचा. तो कोपऱ्यातून फाटला. दुसऱ्याला आतून व्हाइटनर लावला होता, तरी डबा एका बाजूनं सुटला आणि दोन बाजूंनी चिकटून बसला. तो घासून काढता काढता नक्षीच गेली. तिसऱ्या वेळी दुकानदारानं "एकदम भारी" म्हणून ३०४ स्टेनलेसचा पाइप दिला. त्याचं वेल्डिंग पहिल्याच दाबाला तडकलं आणि आतला माल पोकळ निघाला. आता तो विचारतो: डबा नक्की कशाचा घेऊ? अजून जाड घेऊ का? घरी पडलेला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप चालेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथं माल नाही, माणूस बिघडतो. जीआय पाइप भट्टीजवळसुद्धा आणू नका. जस्त ४२० अंशाच्या आसपास वितळतं आणि ९०७ अंशाला उकळतं. आपण काम करतो ११५० ते १२०० अंशाला. म्हणजे डबा तापायच्या आधीच पाइपावरचं सगळं जस्त पांढरा धूर होऊन तुमच्या नाकातोंडात गेलेलं असेल. संध्याकाळी हुडहुडी भरते, ताप चढतो, तोंडाला गोडसर चव येते. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं म्हणून लोक हसण्यावारी नेतात. वेल्डरमंडळींत यावर दूध प्यायची पद्धत आहे. दूध प्या, चांगलंच असतं, पण धुरावर त्याचा काही उपयोग नाही. ॲसिडनं जस्त काढून पाइप वापरतो म्हणणारेही भेटतात. बाहेरचं निघालेलं दिसतं, आतलं कोण बघतं? आणि आत राहिलेलं जस्त वितळून पोलादाच्या कणांच्या सांध्यांत शिरलं की तडे जातात ते वेगळेच. भंगारातून घेतलेल्या पाइपाची शंका आली तर संडास साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब टाकून बघा. जस्त असेल तर लगेच जोरात फसफसतं. काळं लोखंड इतका दंगा करत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या तिन्ही प्रश्नांत एक गोष्ट धरून चालला आहात, की डब्याचा धातू बरोबर निवडला की काम झालं. माझा अनुभव उलटा आहे. डब्याला कामं दोनच: आत हवा येऊ न देणं, आणि कण एकमेकांना चिकटेपर्यंत माल एकत्र धरणं. ही कामं पहिल्या दोन-तीन तावांत, म्हणजे भट्टीत तापवून दाबायच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत संपतात. त्यानंतर तो पाहुणा आहे. घरी आलेल्या पाहुण्याला "किती दिवस राहणार?" असं विचारता येत नाही, डब्याला मात्र भरायच्या आधीच विचारायचं असतं. बाहेर जाणार असशील तर कुठल्या वाटेनं? राहणार असशील तर पात्याच्या कुठल्या भागात? याचं उत्तर पक्कं झालं की धातू, जाडी, अस्तर सगळं आपोआप ठरतं. तुम्ही पहिल्या डब्याला हे विचारलंच नाही, दुसऱ्याला अर्धवट विचारलं, आणि तिसऱ्याच्या वेळी उत्तर दुकानदारानं दिलं.

जुन्या जौहरदार, म्हणजे अंगचीच लहरदार नक्षी असलेल्या पोलादाशी लोक याची गल्लत करतात, म्हणून थोडं विषयांतर. मिरजेत सतारी-तंबोरे करणारी जी घराणी आहेत, त्यांचे पूर्वज शिकलगार. शस्त्रांची कामं करणारे हात एकोणिसाव्या शतकात भोपळ्याकडं वळले. त्या शस्त्रांच्या काळात ज्या पोलादाला जौहर यायचा, ते तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या ठिकाणी मातीच्या मुशीत बंद करून वितळवलेलं असायचं. मूसही एक बंद डबाच की! पण ती मातीची. काम झालं की फोडायची आणि फेकायची. ती पोलादात मिसळत नाही. आपला डबा पोलादाचाच आहे आणि आपण माल वितळवत नाही, फक्त दाबून जोडतो. त्यामुळं त्या तापमानाला आतला माल जितक्या आनंदानं एकमेकांना चिकटतो, तितक्याच आनंदानं डब्यालाही चिकटतो. अडचण सगळी इथंच आहे.

बहुतेक कामाला साधं माइल्ड स्टील, म्हणजे काळा एमएस चौकोनी पाइपच घ्या. हा गरिबाचा पर्याय म्हणून सांगत नाही. मोठ्या कारखान्यांत पावडरीपासून पोलाद करताना भांड्यात पावडर भरतात, हवा खेचून घेतात, तोंड बंद करतात आणि सुमारे ११०० अंशाला चहूबाजूंनी आर्गॉन वायूचा हजार वातावरणांच्या घरातला दाब देतात. तिथंही भांडं बहुतेक वेळा कमी कार्बनच्या साध्या पोलादाचंच असतं. कारण ते कुठल्याही काडीनं वेल्ड होतं, दाबलं की फाटण्याऐवजी वाकतं, आणि नंतर मशीनवर सोलून फेकलं तरी जीव हळहळत नाही.

मग तुमचा पहिला डबा का फाटला? "पातळ पडला" असं वाटून तुम्ही अजून जाड घ्यायच्या विचारात आहात. तो जाड होता म्हणूनच फाटला. जाड भिंत उष्णता आत उशिरा पोचू देते. बाहेरून पिवळा रंग आला तरी पोटात माल लालच असतो. शिवाय प्रेसचा दाब भिंतीचे उभे दोन पाय सोसतात, आतल्या पावडरीपर्यंत तो कमीच पोचतो. तुम्ही दाब वाढवला असणार. मग चौकोन तिरका झाला, त्याची शंकरपाळी झाली, आणि शंकरपाळीच्या टोकदार कोपऱ्यावर सगळा ताण आला. तिथं वेल्डिंगची सुरुवात-शेवट असेल तर फाटायला दुसरं निमित्त लागत नाही. ५० मिमीच्या पाइपाला ३ मिमी भिंत पुष्कळ झाली. मी २ ते अडीचवरही काम करतो, पण तिथं भट्टीतली हवा नीट जमवावी लागते. ज्योतीत जास्तीची हवा असेल तर दर तावाला जळलेल्या लोखंडाची पपडी निघते आणि पातळ भिंतीला चौथ्या-पाचव्या तावात भोक पडतं. नवख्यानं ३ वरच राहावं.

पाइप घेताना आत बोट फिरवा. बाजारातले बहुतेक चौकोनी पाइप पट्टी वाकवून लांबीत जोडलेले असतात आणि आत त्या जोडाचा बारीक कणा लागतो. तो कोपऱ्याजवळ असेल तर तो तुकडा सोडून द्या. सपाट बाजूच्या मधोमध असेल तर घ्या, बाहेरून खडूनं खूण करा, आणि पहिला दाब त्या बाजूवर देऊ नका. गोल बिनजोड पाइप हायड्रॉलिकच्या कामातला भंगारात चांगला मिळतो आणि मोह होतो. पण गोलाचा चौकोन करताना पावडर दबायच्या आधी भिंत आत मुडपते, आणि ती घडी मालात अडकली की शेवटपर्यंत निघत नाही. साच्यात धरून गोलच दाबायचा असेल तर ठीक, नुसत्या सपाट प्रेसवर नको. रंग दिलेला पाइप असेल तर रंग आतूनबाहेरून जाळून, घासून काढा. तेलकट असेल तर थिनरनं धुवा.

आता पाहुण्याचा हिशेब. ५० मिमी पाइप, ३ मिमी भिंत. एकूण छेद २५०० चौरस मिमी, आतली पोकळी ४४ गुणिले ४४ म्हणजे १९३६. भिंत उरली ५६४. आतली पोकळी काही शंभर टक्के भरत नाही; छर्रे आणि पावडर मिळून ८० टक्क्यांच्या आसपास धरा. म्हणजे दाबून घट्ट झाल्यावर आतला माल साधारण १५५० आणि डबा ५६४. एकूण पोलादात डब्याचा वाटा २६-२७ टक्के! रुपयात चार आणे. आतल्या मालात सरासरी ०.९ टक्के कार्बन आणि डब्यात ०.१५ असेल, आणि समजा सगळा कार्बन समान वाटला गेला, तर हाती ०.७ उरतो. प्रत्यक्षात सगळा वाटला जात नाही, पण १२०० अंशाला तासाभरात कार्बन मिलिमीटरभर सरकतो. म्हणजे डबा सोलल्यावरही त्याला लागून असलेला थर कार्बनला उपाशी असतो, आणि पट्टा जितका बारीक कराल तितका तोच थर पृष्ठभागावर राहतो. डबा फक्त साल नसते, ती आतला रस पिते. म्हणून डबा सोलायचा असेल तर त्याच्याखालचा पाऊण-एक मिमी मालही सोडायची तयारी ठेवा आणि भरतानाच तेवढा जास्त भरा.

तुमच्या दुसऱ्या डब्यात अर्धी बाजू सुटली, अर्धी चिकटली. व्हाइटनर चांगलाच आहे. त्यातली पांढरी भुकटी म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, ती या तापमानाला ना वितळते ना लोखंडाला धरते. चूक लावण्यात झाली. आतून एकच जाड थर दिला, वरून कोरडा दिसला, खाली ओला राहिला, आणि त्यावर छर्रे ओतले. छर्रे घरंगळत गेले त्या वाटेनं व्हाइटनर खरवडला गेला. जिथं खरवडला तिथं लोखंडाला लोखंड भेटलं, चिकटलं. आणि खरवडलेली भुकटी कुठं गेली? पावडरीत. नंतर पात्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसले असतील तर ते तेच. ते कुठल्याही तावाला जुळत नाहीत.

मी असं करतो. पाइप आतून कानशीनं आणि पॉलिश पेपरनं चकचकीत करतो. व्हाइटनरचा पातळ हात देतो, उन्हात ठेवतो, दुसरा पातळ हात आडवा देतो. रात्रभर वाळू देतो. सकाळी घरच्या जुन्या ओव्हनमध्ये २०० अंशाला तासभर. ओव्हन शेडमध्येच आहे. स्वयंपाकघरातला वापरून बघा, पुढं काय होतं ते मला विचारू नका. भाजल्यावर थर बोटाला लागत नाही. मग पाइप तिरका धरून आधी थोडी पावडर, मग छर्रे, मग पावडर, असं हळू भरत जातो, म्हणजे छर्रे गादीवर बसतात. झाकणांच्या आतल्या बाजूला व्हाइटनर लावू नका. दोन्ही टोकं तशीही कापून टाकायची असतात, आणि वेल्डिंगच्या रसात तो शिरला तर जोड कच्चा राहतो.

व्हाइटनरऐवजी खडू किंवा चुना चालेल का, असं मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. नको. चुन्यात पाणी बांधलेलं असतं आणि चुनखडीतून तापल्यावर वायू सुटतो. दोन्ही बंद डब्यात नको असलेली गोष्ट. शाळेतला खडू बहुधा जिप्समचा, म्हणजे त्यात गंधक. गंधक आणि तापलेलं लोखंड यांचं कधी पटलेलं नाही. माल तावात असतानाच ठिसूळ होतो.

व्हाइटनरपेक्षा खात्रीचं अस्तर म्हणजे स्टेनलेसचं पातळ फॉइल, कागदासारखं, ०.०५ मिमीचं. टूलरूममध्ये डाय हीट ट्रीटमेंटला गुंडाळून पाठवतात ते. ३०९ किंवा ३२१ ग्रेडचं येतं. एमएसच्या डब्यात ते एका घडीत चारी बाजूंनी लावायचं, टोकं एकमेकांवर सेंटिमीटरभर चढवायची. फॉइल आणि डब्याची भिंत यांच्यामध्येही व्हाइटनरचा एक हात असेल तर डबा केळ्याच्या सालीसारखा निघतो. माल आणि फॉइल चिकटले तरी घासायला ते असतं किती? महाग आहे, आणि त्याची कड ब्लेडपेक्षा वाईट कापते. माझ्या डाव्या अंगठ्यावर पुरावा आहे. छर्रे-पावडरीच्या साध्या कामाला मी ते वापरत नाही. नक्षीची बाहेरची रेघही जपायची असेल, अक्षर किंवा चित्र भरलं असेल, तर वापरतो.

आता स्टेनलेसचा अख्खा डबा. दुकानदाराचं गणित असं असणार: स्टेनलेस भट्टीत जळत नाही, त्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर असतो, त्याला माल चिकटत नाही, मग डबा आपोआप सुटेल. यातलं पहिलं खरं आहे. दुसरं उघड्या हवेत खरं आहे, बंद डब्यात त्याचा भरवसा धरू नका. आत प्राणवायूच उरत नाही, दाब आणि तापमान भरपूर, तिथं स्टेनलेसही चिकटतं. तेही ठिकठिकाणी, म्हणजे सर्वांत वाईट प्रकारे. शिवाय तापल्यावर ते साध्या पोलादाच्या जवळपास दीडपट फुगतं. डबा फुगला, माल तेवढा फुगला नाही, मध्ये फट पडली. उष्णता धातूतून धातूत जायच्या ऐवजी फटीतून जाणार, आणि स्टेनलेस मुळात उष्णता हळू वाहतं. तावातही ते एमएसपेक्षा कडक राहतं, दाबाला हट्ट करतं. तुमचा माल पोकळ निघाला याचं कारण हेच: बाहेर रंग आला, आत ताव आला नव्हता, आणि दाब भिंतीनंच खाल्ला.

वेल्डिंग तडकलं त्याचं कारण मी न बघता सांगतो. स्टेनलेसच्या पाइपाला एमएसचं झाकण, आणि काडी नेहमीची ६०१३. बरोबर? दोन वेगळ्या जातींचा जोड साध्या काडीनं ठिसूळ होतो. तिथं ३०९ ची काडी लागते. आणि एक शंका: तो पाइप ३०४ होता हे कशावरून? २०२ ग्रेडही दिसायला तसाच, लोहचुंबकालाही तसाच गप्प बसतो. त्यात निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असतं. रेलिंगला ते चालतं. स्टेनलेस डब्याला माझा विरोध नाही, आतला मालही स्टेनलेसचा असेल तेव्हा तो घ्यावा लागतो. तुमचा माल तसला नाही. तो पाइप दुसऱ्या कामाला ठेवा.

भरायचा माल आणि ओल यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण डब्यांचे बळी मी धातूपेक्षा ओलीनं जास्त गेलेले बघितले आहेत. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं, तसं आमच्याही खोलीत शिरलं. पावडरीचा एक डबा माळ्यावर होता म्हणून वाचला असं वाटलं. पाणी लागलं नव्हतं, पण पंधरा दिवस खोलीला कोंदट वास होता. मी ती पावडर दोन दिवस उन्हात पसरली, हाताला कोरडी लागली, भरली. कुपवाडच्या शेडमध्ये भट्टीत डबा ठेवून मी चहा घेत होतो. मदतनीस पोरगा आतून ओरडला, "काका, डबा शिट्टी मारतोय!" बघतो तर डब्याची वरची बाजू पुरीसारखी टम्म फुगलेली, आणि एका कोपऱ्यातून निळसर ज्योत सुईसारखी बाहेर येतेय. आम्ही दोघं मागं सरलो आणि गॅस बंद केला, एवढंच शहाणपण. जोड तिथंच सुटला म्हणून वाचलो. घट्ट राहिला असता आणि तसाच प्रेसखाली घेतला असता तर काय झालं असतं, याचा हिशेब मी नंतर कागदावर केला. एक मिलिलिटर पाणी १२०० अंशाला मोकळं सोडलं तर पावणेसात लिटरच्या आसपास वाफ होते. डब्यात मोकळी जागा असते जेमतेम कपभर. आणि त्या तापमानाला डब्याच्या भिंतीत दम किती उरतो, हे तुम्ही रोज घणाखाली बघता.

कोरडी हवा मात्र इतकी घातक नाही. बंद केलेली हवा १२०० अंशाला पाचपट दाब देते, तो ३ मिमीची भिंत सोसते. म्हणूनच "झाकणाला भोक ठेवायचं की नाही" या वादात मी मधला आहे. काही कारागीर आत रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० चे थेंब टाकतात. ते जळून आतला प्राणवायू खातात. तसं करायचं असेल तर २ मिमीचं भोक ठेवलंच पाहिजे. मी तेल टाकत नाही. पावडर आणि छर्रे ओव्हनमध्ये १५० अंशाला दोन तास तापवतो, कोमट असतानाच भरतो, झाकण वेल्ड करतो, आणि एका टोकाला २ मिमीचं भोक तरीही ठेवतो. भट्टीत जाताना त्यातून काही बाहेर पडतंय का ते दिसतं. रंग लाल झाला आणि भोकापाशी ज्योत दिसली नाही की माल कोरडा होता हे समजतं. पहिल्या दाबाला ते भोक स्वतःच मिटतं.

छर्रे ईएन-३१ या बेअरिंगच्या पोलादाचे असतात, एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. ग्रीस काढायला रॉकेल, मग थिनर, मग कोरडं फडकं. बेअरिंगची पितळी जाळी चुकूनही आत जाऊ देऊ नका. टायरमधली तारही नको, तिच्यावर तांब्याच्या मिश्रधातूचा मुलामा असतो. तांबं १०८५ अंशाला वितळतं आणि पोलादाच्या कणांमध्ये झिरपून माल तावातच फोडतं. मोटारसायकलची चेन वापरायची असेल तर रबरी कड्या असलेली बाजूला काढा.

मोकळी पावडर जागेच्या सुमारे ६० टक्केच भरते, बाकी हवा. नुसती पावडर भरली तर डबा दबताना जवळपास ४० टक्के आकसतो. भिंतीला सुरकुत्या पडतात आणि त्या मालात घुसतात. छर्रे घातले की जागा जास्त भरते, आकस वीस टक्क्यांवर येतो. म्हणून शिकताना छर्रे-पावडर हीच जोडी बरी, नुसत्या पावडरीची नक्षी नंतर. भरताना पाइपाला बाहेरून लाकडी हातोड्यानं टकटक करत राहा. पावडर खाली बसते, पुन्हा भरा. धान्याचं माप भरताना हलवून हलवून भरतात तसं.

झाकणाला ६ मिमीची पट्टी घ्या, वेल्डिंगचा रस बसायला कडेला व्ही आकाराची खाच काढा. काडी ७०१८ वापरा. ती ओलावा धरते म्हणून आधी भाजून घ्या. को-टू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचं वेल्डिंग असेल तर उत्तम. जोडाची सुरुवात आणि शेवट सपाट बाजूवर येऊ द्या, कोपऱ्यावर थांबू नका. एका झाकणाला लांब सळई जोडून घ्या, सांडशीनं धरताना डबा हातातून निसटत नाही.

ताव देताना घाई नको. सगळ्या बाजूंनी एकसारखा पिवळसर रंग आला की घड्याळ लावा आणि ५० मिमीच्या डब्याला अजून २५ ते ३० मिनिटं तसाच ठेवा. मध्येमध्ये फिरवा. पहिला दाब हलका, एका बाजूवर थोडा, लगेच ९० अंशांत फिरवून दुसऱ्या बाजूवर थोडा. लांबी वाढवायचा विचार मनात आणू नका. पहिल्या दोन तावांत फक्त घट्ट करायचं. शंकरपाळी व्हायला लागली की तिथंच थांबा, पुन्हा ताव द्या आणि लांब कर्ण उभा धरून सरळ करा. सोबत हातोडी ठेवा आणि प्रत्येक तावानंतर ठोकून बघा. सुरुवातीला आवाज भरल्या पोत्यासारखा भद्द येतो. माल एकजीव झाला की त्याच डब्याचा आवाज टणक होतो. हा फरक एकदा कानात बसला की नंतर डोळ्यांची गरज कमी लागते.

डबा कधी सोलायचा? लांबी दीडपट झाल्यावर, त्याआधी नाही. तोपर्यंत भिंतही पातळ होते. थंड झाल्यावर चारी कोपऱ्यांवर ग्राइंडरची पातळ चकती भिंतीच्या जाडीएवढीच चालवायची, मग छिन्नीनं टोक उचलायचं. व्हाइटनर नीट बसला असेल तर पट्टी पक्कडीत धरून ओढली तरी येते आणि खाली राखाडी, दाणेदार पाठ दिसते. चिकटलेली जागा दिसली तर तिथं छिन्नी मारू नका, बेल्टवर घासा.

आता पाहुणा घरातच राहणार असेल तर. काही नक्ष्यांत डबा मुद्दाम ठेवतात: पट्ट्याचे तुकडे कापून, उभे करून शेजारी शेजारी जोडतात, आणि डब्याची भिंत जाळीसारखी नक्षीत दिसते. तिथं एमएस डबा ठेवला तर ती जाळी मऊ राहते आणि धारेवर आली की धार तिथं मुडपते. दोन उपाय आहेत. एक, डबाच चांगल्या पोलादाचा करायचा: चार पट्ट्या कापून कोपऱ्यात वेल्ड करायच्या. वखारीतल्या मोठ्या बँडसॉच्या जुन्या पात्यात कधी कधी निकेल असतं. तुकडा घासून फेरिक क्लोराइडमध्ये बुडवा. साधं पोलाद काळवंडतं, निकेलवालं पांढरं राहतं. १५एन२० सारखं पोलाद तेच, पाऊण टक्का कार्बन आणि दोन टक्के निकेल; ते कडक होतं आणि नक्षीत चकाकतंही. त्रास एवढाच की अशा डब्याचं वेल्डिंग थंड होताना तडकू शकतं, म्हणून आधी तापवून वेल्ड करा आणि लगेच भट्टीत घाला. दुसरा उपाय सोपा: मधे अखंड ईएन-३१ किंवा १०८४ चा पट्टा, दोन्ही बाजूंना नक्षी. धार मधल्या पट्ट्याची येते, नक्षीतला मऊपणा गालांवर राहतो. किचनच्या सुरीला मी हेच करतो, आणि गिऱ्हाइकाला धार हवी असते, जाळी नव्हे.

तुमच्या पुढच्या डब्याला म्हणून: काळा एमएस पाइप ५० चा, ३ मिमी, लांबी १५०, आतून दोन हात भाजलेला व्हाइटनर, ८ ते १० मिमीचे छर्रे आणि १०८४. तोच करा, दुसरं काही बदलू नका. सोलल्यावर दोन्ही टोकांचे दीड-दोन सेंटिमीटर कापून टाका, मग मधून ३ मिमीची एक चकती कापा. ४०० नंबरपर्यंत घासा आणि फेरिक क्लोराइडमध्ये दहा मिनिटं बुडवून ठेवा. छर्रे एकमेकांवर दबून चौकोनी-षटकोनी झालेले दिसतील. दोन छर्ऱ्यांच्या मधल्या त्रिकोणी कोनात भिंगानं बघा. तिथं काळी पोकळी असेल तर ताव कमी पडला. पोकळी नाही, पण कडेला मिमीभर रुंदीचा पांढुरका पट्टा दिसला, तर तेवढा माल डब्यानं प्यायला आहे. पट्टा मोजा आणि पुढच्या वेळी सोलताना तेवढं धरा. ती चकती फेकू नका, वर तारीख आणि किती मिनिटं ताव दिला ते कोरून ठेवा. माझ्याकडं अशा चकत्यांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे.